चुलतीच्या जबड्याखालची गाठ
बिबा तापल्याचा उग्र वास आला की लासुर्ण्यातली ती सकाळ आठवते. चुलतीच्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आली होती आणि आजोबा तिच्यावर बिब्याचा चटका देणार होते. मी तेव्हा वैद्यकीच्या पहिल्या वर्षाला होते; मी त्यांचा हात धरला. “आबा, या ग्रंथीत दातांचा निचरा येतो, घाण वर तोंडात असेल. काकू, आ कर.” दाढ पार किडलेली होती. “लय शिकलीस! पंधरा दिसांत न्हाय उतरली, तर चटका देणारच,” आबा म्हणाले. “तुमचं ठरू द्या आधी, मान माजी हाय!” काकू कळवळली. गाठ मोजून त्याच दिवशी मी तिला बारामतीला नेऊन दाढ काढवली. आजही अशी गाठ दिसली, की मी आधी तोंड उघडायला सांगते. काकूची बावीस मिलिमीटरची गाठ पंधराव्या दिवशी आबांसमोर मोजली, तेव्हा भरली नऊ मिलिमीटर.