शंभर किलोचा पट्टा

माझे दाजी टॉवर क्रेन चालवतात. ऐंशी मीटर उंचीवर, कपाटाएवढ्या काचेच्या केबिनमध्ये बसून ते टनाटनाच्या सळ्या उचलतात आणि मी खाली वॉकीटॉकी धरून उभा असतो. "थोडं डावीकडे... अजून... अजून... बस, सोडा." पंधरा वर्षं आमचं एवढंच बोलणं चाललंय. ताईचं लग्न लावून दिलं तेव्हा वाटलं होतं, नवरा घरापुरताच आपल्या डोक्यावर बसेल. कसलं काय! कामावरही तोच डोक्यावर.

यंदा साइटवर सेफ्टीच्या नवीन मॅडम आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, आवाज मात्र हेडमास्तरांचा. शिडी चढताना कमरेला अडकवायचा जो पट्टा असतो, त्यावर एक चिठ्ठी शिवलेली असते. ती आजवर कुणी वाचली नव्हती. मॅडमनी वाचली. जास्तीत जास्त शंभर किलो, कपड्यांसकट. झालं! दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये वजनकाटा आला आणि शिडी चढणारा एकेकजण त्यावर उभा राहिला. दाजी भरले एकशे बारा.

"एकोणीस वर्षं चढतोय मी," दाजी गुरगुरले. "पट्टा काही तुटला नाही."

"क्रेनवर दहा किलो जास्त लोड आला तर उचलता का हो तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

अहो, लोडच्या बाबतीत हा माणूस भयंकर कट्टर. चार सळ्या जास्त बांधल्या तरी हुक जागचा हलवत नाही, वर मलाच झापतो. मॅडमनी बरोबर वर्मावर बोट ठेवलं होतं. मॅनेजरने चार महिन्यांची मुदत दिली आणि तोवर दाजींना स्टोअरमध्ये बसवलं. तेवढ्या वेळात शंभरच्या आत या, नाहीतर क्रेन कायमची बदलीवाल्याची आणि दाजी कायमचे स्टोअरमध्ये, दोर आणि हुक तपासत. त्या दिवशी जेवताना दाजी मला म्हणाले, "खाली मला काही येत नाही रे."

ताई त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली, गाडी चालवायला मी. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, वजन तर होतंच. बाईंनी आठवड्याला एक घ्यायचं इंजेक्शन सुचवलं, पण त्याआधी चौकशी केली ती पोलिसांच्या वरची. घरात कुणाला थायरॉईडचा कॅन्सर होता का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, पित्ताचे खडे आहेत का. मग म्हणाल्या, "पहिला महिना डोस अगदी लहान. शरीराला सवय व्हावी म्हणून. काटा हलला नाही तर मला फोन करायचा नाही. झेपलं तर दर महिन्याला थोडा वाढवू."

"त्रास होतो का?" ताईने विचारलं.

"मळमळेल, ढेकर येतील, पोट साफ व्हायला कटकट होईल. डोस वाढला की जास्त, मग हळूहळू कमी. थोडं थोडं खायचं, सावकाश खायचं, पोट भरलं की ताट सरकवायचं. तेलकट कमी, अंडी-दही-डाळी जास्त, नाहीतर चरबीबरोबर ताकदही जाईल. चालायचं. भरपूर पाणी प्यायचं. आणि पोटात जोराची कळ येऊन पाठीपर्यंत गेली किंवा उलट्या थांबेनात, तर घरगुती उपाय करत बसू नका. सरळ इथे या."

दाजी प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. लग्नात ताईने सतरा अटी घातल्या होत्या, तेव्हाही एवढी डोलवली नव्हती.

वार ठरला रविवार, कारण रविवारी मी हजर असतो. आता हा ऐंशी मीटरवर वाऱ्यात हलणाऱ्या केबिनमध्ये बसणारा माणूस, पण सुई म्हटलं की याचं तोंड पांढरं! पलंगावर बसले, सदरा वर केला, डोळे घट्ट मिटले आणि माझा हात धरला. ताईने फ्रिजमधून आधीच काढून ठेवलेलं पेन घेतलं, नवी सुई लावली, बेंबीपासून चार बोटं लांब टेकवलं आणि दाबून दहा आकडे मोजले.

"टोच ना लवकर!" दाजी ओरडले.

"टोचून झालं."

"हॅ! एवढंच?"

एवढंच. त्यांना काही झालं नाही, माझी बोटं मात्र दुपारपर्यंत सरळ होत नव्हती. पुढच्या रविवारी पोटाची दुसरी बाजू, त्याच्या पुढच्या रविवारी मांडी. ताईने कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्या होत्या.

पहिला महिना काही घडलं नाही. दाजी रोज काट्यावर चढायचे आणि काट्याकडे रागाने बघायचे. दुसऱ्या महिन्यात डोस वाढला आणि मग सुरू झाली गंमत. ढेकर असे, की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. साइटवर एकाच्या निवृत्तीचं जेवण होतं. दाजी जुन्या सवयीने दहा मिनिटांत दोन ताटं उडवून मोकळे झाले. पुढचे चार तास बादली मांडीवर घेऊन बसले होते, मी पाठ चोळत होतो. संध्याकाळी ताईने बादलीपेक्षा जास्त गडगडाट केला. पुन्हा म्हणून त्यांनी तो आगाऊपणा केला नाही.

आणि एक दिवस दाजींचा डबा अर्धा भरलेला परत आला. ताई डबा हातात घेऊन ओट्याशी उभी राहिली आणि रडायलाच लागली.

"एवढ्या वर्षांत कधी घासभर परत आलं नाही. नावडायला लागलं का माझ्या हातचं?"

"अगं, भूकच लागली नाही. विसरलो मी जेवायचं."

"विसरलात? तुम्ही?" असं म्हणून ती जी हसायला लागली, ती डोळे पुसत हसतच राहिली.

इकडे माझे हाल कुत्रा खाईना. बदलीवाला पोरसवदा नव्हता, चांगला चाळिशीचा होता, पण प्रत्येक गोष्टीला "ओके बॉस" म्हणायचा आणि हुक तिसरीकडेच न्यायचा. आम्ही त्याचं नावच ओकेबॉस ठेवलं. दाजी स्टोअरच्या दारात उभे राहून वर बघायचे. वारा सुटला की आपोआप त्यांचा उजवा हात केबिनमधली दांडी मागे ओढल्यासारखा हलायचा. मला ते बघवत नसे.

चार महिने भरले त्या दिवशी सकाळी सगळे स्टोअरमध्ये जमले. दाजी काट्यावर चढले. नव्याण्णव पूर्णांक चार! मी अशी आरोळी ठोकली की मॅडमच्या हातातली वही पडली. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "पट्टा लावा, पहिला टप्पा चढून दाखवा."

दाजी झपाझप वीस पायऱ्या चढले आणि थांबले. मला वाटलं, मजा बघतायत. पण त्यांनी शिडीला मिठी मारली होती. "डोळ्यापुढे अंधार आला रे," वरून बारीक आवाज आला. मॅडम स्वतः वर गेल्या, एकेक पायरी बोलत बोलत त्यांना खाली घेऊन आल्या. ओठ सुकून पांढरे झाले होते. तासाभरात आम्ही डॉक्टरीणबाईंसमोर होतो. मॅडमसुद्धा आल्या होत्या.

"दिवसभरात पाणी किती पिता?" बाईंनी विचारलं.

"कामावर पीत नाही."

"म्हणजे?"

"वर संडास नाही ना. खाली उतरून परत चढायचं म्हणजे पाऊण तास काम बंद. कुठलाच क्रेनवाला पाणी पीत नाही. सकाळचा चहा, मग थेट सुट्टी झाल्यावर."

"पण तुम्ही तर चार महिने जमिनीवर आहात!"

दाजींनी मान खाली घातली. "परत वर जायचंय ना. सवय मोडून चालेल का?"

अरे देवा! काय बोलावं या माणसाला? इंजेक्शनने भूक गेलेली, तहानही कमी झालेली, आणि हे महाशय स्टोअरमध्ये पाण्याच्या पिंपाशेजारी बसून तहान मारायची तालीम करत होते. मी त्यांना तिथेच चार शब्द सुनावले, नातं-बितं बाजूला ठेवून. मॅडमनी मात्र वही उघडली. "साइटवर तीन क्रेन," त्या म्हणाल्या. "तिघेही असेच?" मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर हे मला पंधरा वर्षं माहीत होतं, आणि त्यात काही चुकतंय असं मला एकदाही वाटलं नव्हतं. तेव्हा मात्र माझीच मला लाज वाटली.

बाईंनी डोस महिनाभर वाढवायचा नाही असं ठरवलं आणि पाण्याचं माप लिहून दिलं. चार दिवसांनी दाजी नीट पाणी पिऊन पुन्हा काट्यावर उभे राहिले. शंभर पूर्णांक नऊ. मुदत तर संपलेली. मॅनेजरने खांदे उडवले. दाजी पट्टा काढून ठेवायला लागले.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "आजपासून दर तीन तासांनी क्रेनवाला खाली उतरणार. मग त्या वेळात क्रेन कोण चालवणार? प्रत्येक क्रेनला दोन माणसं लागतील." मॅनेजर त्यांच्याशी अर्धा तास भांडला आणि हरला. "म्हणजे यांनाही जागा आहे, मुदत वाढवू. पण यांच्यासाठी आकडा शंभरच राहील," दाजींकडे बोट करून त्या म्हणाल्या. दाजी म्हणाले, "राहायलाच पाहिजे."

पुढचे तीन आठवडे दाजी बाटली गळ्यात अडकवून फिरले. सकाळ-संध्याकाळ चालले, अंडी खाल्ली, ढेकर दिले. चौथ्या सोमवारी पाण्याने भरलेल्या पोटाने काट्यावर चढले. नव्याण्णव पूर्णांक एक. पट्टा लावला, शिडीला हात लावून नमस्कार केला आणि प्रत्येक टप्प्यावर दम घेत वर गेले. मी वॉकीटॉकी कानाला लावून उभा होतो. खरखर झाली, मग तोच आवाज, "बोल रे."

"सळ्या आहेत दाजी," मी म्हणालो. त्यांनी त्या अशा अलगद उचलल्या, की पलीकडच्या मजल्यावरचे गवंडीही हातातलं काम सोडून बघत राहिले.

तीन तास झाले. लोड बांधून तयार होता, मजल्यावर माणसं वाट बघत होती. "घ्या दाजी," मी म्हणालो.

"नाही घेत."

"का? लोड जास्त आहे?"

मग अख्ख्या साइटच्या वॉकीटॉकीवर, खणखणीत आवाजात, "लघवीला येतोय. ओकेबॉसला वर पाठव."

सगळीकडे हशा पिकला. मीही हसलो, पण लगेच तोंड फिरवलं, कारण डोळे भरून आले होते. एकोणीस वर्षांत त्या माणसाने स्वतःसाठी काम थांबवलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. ते शिडी उतरेपर्यंत मी खाली, मान वर करून, उभा राहिलो, आणि कुणालाही त्या लोडला हात लावू दिला नाही.