नानांचं रक्त

माझे वडील, नाना, धुळ्यात शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. मठाच्या बागेत वाटाण्याची रोपं वाढवून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा तो धर्मगुरू आमच्या घरात जवळच्या नातेवाइकासारखा होता. तो शिक्षकाच्या परीक्षेत नापास झाला, त्याचं काम समोर बसलेल्यांना कळलंच नाही, जगाला त्याची किंमत तो गेल्यावर समजली. हे सांगताना नानांचा आवाज दर वेळी भरून यायचा. "दिसत नाही म्हणून नाही, असं नसतं," ते म्हणायचे.

जळगावला कॉलेजात रक्ततपासणीचं शिबिर झालं आणि मी सिकलसेलची, रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, वाहक निघाले. मला स्वतःला काही त्रास नव्हता. नवराही वाहक असला तरच मुलांना आजार होण्याची भीती होती. रिपोर्ट वाचून नाना म्हणाले, "मशीन चुकलं असेल. हे आदिवासींत असतं. आपल्यात नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधी माझ्या रक्ताची लाज वाटली, मग तशी लाज वाटली याची.

आईनं गुपचूप तपासणी करून घेतली. तिच्यात काही नव्हतं. जेवताना ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडूनच आलंय." नाना ताटावरून उठले.

पुढे चाळीसगावहून स्थळ आलं. "रक्ताचं काही बोलायचं नाही," नानांनी बजावलं होतं. पाहुणे पोहे खात असताना नाना रंगात येऊन त्यांना वाटाण्याची गोष्ट सांगू लागले. लांब रोप, बुटकं रोप, त्या माणसाचा प्रामाणिकपणा. मी फरशीकडे बघत बसले होते. मुलगा कौतुकानं ऐकत होता, तेच मला सहन होईना.

"मी सिकलसेलची वाहक आहे," मी म्हणाले. "तुम्हीही रक्त तपासून घ्या. दोघंही वाहक निघालो तर मुलांना त्रास होऊ शकतो."

नाना मधेच थांबले. मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. "आमच्यात असलं काही नसतं," असं म्हणून ते उठले. मुलगा दाराशी घुटमळला, पण गेला. त्यांचा फोन आला नाही.

नाना माझ्याशी बोलेनासे झाले. मग एका सकाळी बूट घालता घालता म्हणाले, "सिव्हिलला येतेस माझ्याबरोबर?"

तिथल्या बाकावर शिरपूरकडच्या पाड्यावरची एक आई कण्हणाऱ्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं सरकून नानांना जागा दिली. तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या काकू समोर आल्या. "इकडे कुठे?" त्यांनी विचारलं. "नानांची शुगर बघायला," मी पटकन म्हणाले. नानांनी माझ्याकडे पाहिलं. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं.

"शुगर नाही," ते काकूंना म्हणाले. "सिकलसेल. मुलीत आहे, म्हणजे माझ्यातही असणार."

होतंच. त्या संध्याकाळी त्यांनी गावी धाकट्या काकांना फोन लावला आणि मुलांची लग्नं ठरवण्याआधी रक्त तपासून घ्यायला सांगितलं. "आपलामा असं काही नही शे, भाऊ," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. नानांनी नंबर पुन्हा लावला.