उन्हाला बसलेल्या काकू

बादली उचलताना समोरच्या नलूकाकूंचं मनगट मोडलं, तेव्हा कळलं की हाडं पार ठिसूळ झालीत. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांचं नंतर बघू. आधी ऊन घ्या, चाला, नाचणी खा. म्हणून काकू रोज सकाळी गच्चीत बसतात. प्लास्टरचा हात मांडीवर, पाय उन्हात आणि पदर मात्र थेट नाकापर्यंत ओढलेला.

"काकू, तोंडावर येऊ द्या की ऊन!" मी माझ्या गच्चीतून ओरडले.

"काळी पडेन ना गं!"

सत्तरीची बाई. आता कोण येणार आहे यांना बघायला? पण लहानपणी आईनं उन्हात खेळू दिलं नाही, स्थळं यायची नाहीत म्हणून. पुढे सासूनं ओट्यापासून हलू दिलं नाही. आपल्याकडे गाद्यांना, डाळींना, चिंचेलासुद्धा आठवणीनं ऊन दाखवतात, कीड लागू नये म्हणून. सून तेवढी राहून जाते.

काल प्लास्टर निघालं. भेटायला आलेली नणंद तो सुकलेला हात हातात घेऊन म्हणाली, "अगंबाई वहिनी, किती गोरा झालाय हो!"

आणि काकू चक्क लाजल्या.