तुतारीवाल्याचा स्नायू

ऐंशीनंतरची काही वर्षं आम्ही मुलुंडच्या पूर्वेला, मिठागरांच्या कडेला राहत होतो. चाळीत बाजा वाजला की शेजारी भिंत ठोकायचे, म्हणून माझे वडील पहाटे ट्रम्पेट घेऊन मिठागराच्या बांधावर जात. दिवसभर ते भांडुपच्या कारखान्यात लेथवर असत आणि लग्नसराईत बँडमध्ये. बांधावर खाडीकडे तोंड करून ते एकच सूर लांबवत धरून ठेवायचे. अर्धवट झोपेत तो सूर पाण्यावरून येतोय की माझ्याच कानामागून, ते मला कळायचं नाही.

मी तेव्हा मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होतो. त्या हिवाळ्यात आमच्या टेबलावर चेहऱ्याचं विच्छेदन चालू होतं. चेहरा म्हणजे डोळे, नाक, तोंड, असं मी तोवर धरून चाललो होतो. कातडी बाजूला सारली की तो एक मुलूख होतो. कानाखाली लाळेची मोठी ग्रंथी. तिच्या मागे, जबड्याच्या हाडाआड, एक खोल पोकळी. त्या पोकळीत वळत वळत गेलेली रोहिणी, आणि तिच्याभोवती शिरांचं असं जाळं, की भरतीला मिठागरात शिरणारे ओहोळ आठवावेत. आणि ग्रंथीच्या पोटातून जाणारी चेहऱ्याची नस. ती कानामागून एकटीच येते, ग्रंथीत शिरते आणि पंजा उघडावा तशी कपाळाकडे, डोळ्याकडे, गालाकडे, ओठाकडे, मानेकडे फुटते. हसणं, डोळे मिटणं, फुंकर घालणं, सगळं तिच्या जिवावर.

गालाकडे जाणारी फांदी मी कापली.

घाई नव्हती. खिडकीतून ऊन येत होतं, फॉर्मलिनच्या वासानं डोळे जड झाले होते, आणि चरबी साफ करताना तो पांढरा धागा मला नुसता पापुद्रा वाटला. शिकवणारे सर वाकून बघत होते.

“गेली,” ते म्हणाले. “आता ह्याला शीळ घालता यायची नाही.”

टेबलाभोवतीची मुलं हसली. मीही हसलो. कापल्याचं लागत नाही, इतकं त्या हसण्याचं मला अजून लागतं.

घरी मी हे बोललो नाही. फक्त त्या नसेनं हलणाऱ्या स्नायूची गोष्ट बाबांना सांगितली.

“गालाच्या आत एक स्नायू असतो बाबा. लॅटिनमध्ये त्याचं नाव तुतारीवाल्यावरून ठेवलंय.”

“माझ्यावरून?”

“तुमच्यावरूनच.”

“मग आधी विचारायचं ना मला. कुठं असतो?”

त्यांनी गाल फुगवला. मी स्नायूवर बोट ठेवलं आणि तो कुठून सुरू होतो ते दाखवायला मागे सरकवत नेलं. कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यात, काहीतरी लागलं. चिंचोक्याएवढं, टणक.

“ते जुनं आहे,” बाबा म्हणाले. “सगळ्या बाजेवाल्यांना येतं. फुंकून फुंकून हवा साठते तिथं.”

बँडमध्ये खरंच तसं मानत. ज्याचा कानाखालचा भाग सुजलेला, तो दमाचा वाजवणारा. त्यामुळे इतकी वर्षं बाबांनी ती गाठ कुणाला दाखवली नव्हती, उलट थोडी मिरवलीच होती. मी हट्ट धरला म्हणून ते इस्पितळात आले.

गाठ साधी होती, हवेची मात्र नव्हती. ग्रंथीच्या खोल भागात, नसेच्या मागे होती. नस उचलून धरून तिच्याखालून गाठ काढावी लागणार होती. “नस तुटणार नाही याची काळजी घेऊ,” सर्जन म्हणाले, “पण दुखावेल. परत कधी कामाला लागेल ते सांगता येत नाही.”

बाबांनी एवढंच विचारलं, “एप्रिलपर्यंत?”

एप्रिलमध्ये जयंती. आमच्या वस्तीच्या मिरवणुकीत पहिलं गाणं दरवर्षी बाबाच उचलायचे. ते सुरू झाल्याशिवाय बाकीचा बँड वाजत नसे आणि लोक हलत नसत. सर्जननी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

त्या दिवसांत माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. टेबलावरच्या माणसाचा गाल आणि बाबांचा गाल मला वेगळे दिसेनासे झाले. डोळा लागला की मी त्या पोकळीत उतरायचो, शिरांच्या ओहोळांतून चालायचो, आणि समोर एक पांढरा धागा लोंबकळत असायचा. वाटायचं, एकाचा मी तोडला, आता दुसऱ्याचा मागितला जाणार. शिकलेल्या मुलानं असला विचार करू नये हे कळत होतं. तरी ऑपरेशनच्या आदल्या दुपारी, वॉर्डात संत्रं सोलताना, मी बाबांना सगळं सांगून टाकलं. हसलो तेसुद्धा.

बाबांनी संत्र्याच्या एका फोडीच्या शिरा काढल्या.

“तो माणूस कोण होता?”

“माहीत नाही. बेवारस.”

“मग त्याला सांगून ये जा. इथं बसून माझं संत्रं संपवू नकोस.”

मी गेलो. विच्छेदनाच्या हॉलमध्ये सफाई चालली होती. त्याच्या चेहऱ्यावर ओलं कापड होतं, ते मी काढलं नाही. कापडावरूनच, गाल जिथं असेल तिथं, हात ठेवून उभा राहिलो.

ऑपरेशननंतर सर्जन रोज तेच सांगत. भुवया उचला. डोळे मिटा. दात दाखवा. गाल फुगवा. भुवया आणि डोळे बाबांना जमायचे, दात मात्र एकाच बाजूचे दिसायचे. गाल फुगवला की तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून हवा फुस्स करून निघून जायची. चहासुद्धा तिथूनच ओघळायचा.

बँडमधले ढोलवाले काका भेटायला आले. बघून म्हणाले, “एवढंच ना? सासूबाईंना बघून तोंड असंच होतं म्हणून सांग लोकांना.”

“सासू वारली रे माझी.”

“मग तिचा फोटो बघितला म्हणून सांग.”

बाबा अर्ध्या तोंडानं हसले. रडले असते तर मला सोपं गेलं असतं.

मार्चमध्ये ते परत बांधावर जाऊ लागले, आता मला बरोबर घेऊन. सूर निघायचा आणि लगेच कोपऱ्यातून गळायचा. एका पहाटे मी न विचारता त्यांच्या उजव्या गालावर, नस जिथून जाते तिथं, दोन बोटं दाबून धरली. सूर टिकला. धुक्यातून पार खाडीपलीकडे गेला असावा. बाबांनी ट्रम्पेट खाली घेतला, माझ्याकडे बघितलं आणि परत ओठाला लावला.

जयंतीच्या संध्याकाळी बाबा बँडच्या पुढे उभे राहिले. शेजारी मी, त्यांच्या गालाला बोटं लावून. ढोलवाले काका मागून म्हणाले, “बघा रे, एक बाजा वाजवायला दोन माणसं लागतात आता. दोघांना पैसे कोण देणार?” लोक हसले. मी हसलो नाही.

बाबांनी पहिलं गाणं उचललं. मिरवणूक हलली. मी आडवा, खेकड्यासारखा चालत होतो आणि बोटांखाली त्यांचा गाल गरम, जिवंत लागत होता. पहिलं कडवं संपता संपता तिथं काहीतरी बारीक आवळल्यासारखं झालं. हवेचा दाब असेल, कुणास ठाऊक. बाबांनी डोळ्यांनी खुणावलं, बोटं काढ.

मी काढेना. मला भीती वाटत होती. त्यांनी वाजवता वाजवता कोपरानं मला हलकेच ढोसलं.

मी हात खाली घेतला. सूर जरा फाटला, थरथरला. पण कोपऱ्यातून गळाला नाही.