चेंडू कुठे पडला

साताऱ्याच्या कॅम्पातल्या गोल्फच्या मैदानावर वडील दिवाळीपासून होळीपर्यंत दर रविवारी सकाळी खेळत. ते सर्जन होते. चेंडू मारला की मला विचारत, "कुठे पडला गं?" आधी मला वाटायचं, ते माझी नजर तपासतात. पौषात लक्षात आलं की त्यांनाच चेंडू दिसत नव्हता. तेव्हापासून मी पुढे धावत जाई, कोणी पाहायच्या आत चेंडू बुटाने वीस-पंचवीस पावलं ढकली आणि ओरडून सांगे, "लांब गेला!"

होळीआधीच्या रविवारी हंगामातला शेवटचा खेळ झाला. चिंचेखाली चहा पिताना जो तो आपली प्रगती सांगू लागला. वडिलांचे मित्र वकीलकाका म्हणाले, "माझा चेंडू अजून झुडपातच राहतो. पण डॉक्टर, तुमचा आता थेट मेढ्याला जाणार!"

वडील हसले. "डोळ्यांची शंका येत होती, म्हणून महिनाभर ऑपरेशनं बंद ठेवली. पण एवढा लांबचा फटका काही आंधळा मारत नाही. उद्या त्या कडेगावच्या बाईंना टेबलावर घेतो."

वडिलांना उलट बोलायला माझ्याजवळ मराठी शब्दच नव्हते. खाली बघत, शाळेतल्या इंग्रजीत मी सगळं सांगून टाकलं.

बाईंना मिरजेला पाठवलं. वडिलांनी पुन्हा ऑपरेशन केलं नाही. पुढे कित्येक महिने ते माझ्याशी फक्त इंग्रजीतच बोलत.