नवाकोरा कंप्युटर हँग झाला तेव्हा

गुलमंडीमागच्या गल्लीत माझं लग्नपत्रिका आणि फ्लेक्स डिझाइन करून देण्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, दोन बाकडी, भिंतीवर नमुन्याच्या पत्रिका आणि एक कंप्युटर. शहराचं नाव बदललं, पत्रिकांवरचे पत्ते बदलले, पण माझा कंप्युटर काही बदलला नाही. सकाळी तो सुरू केला की मी दुकान झाडून घ्यायची, गणपतीला उदबत्ती लावायची, टपरीवर चहा सांगायची. चहा पिऊन झाला की मग तो डोळे उघडायचा.

बदलायचा हे ठरलेलं होतं. कधी, एवढंच ठरत नव्हतं. लग्नसराईत नवा बसवायला वेळ नसायचा आणि लग्नसराई संपली की गरज नसायची. मग पितृपक्ष; त्यात कोण घेतं? दिवाळीत घ्यावा तर नवरा म्हणायचा, "थांब जरा, याच्यापेक्षा भारी मॉडेल येतंय." ते आलं की म्हणायचा, "आता आधीच्याचे भाव पडतील, थांब." मुलीला स्थळं बघणारे बापसुद्धा एवढे चिकित्सक नसतात. याच माणसानं मला मात्र बशीभर पोह्यांत पसंत केलं होतं, याची आठवण मी अधूनमधून करून द्यायची.

खरं सांगायचं तर घाई मलाही नव्हती. आमच्याकडच्या पत्रिकेत नवरा-नवरीपेक्षा निमंत्रकांचीच गर्दी जास्त. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, कोणापुढे 'माजी सरपंच' लावायचं, यावरून माझ्या बाकड्यावर अख्खी भावकी हमरीतुमरीवर आलेली मी पाहिली आहे. नेमका तेव्हा कंप्युटर हँग व्हायचा. पडदा पांढरा पडायचा, मंडळी चहा घ्यायची, इकडच्या तिकडच्या गप्पा निघायच्या. कंप्युटर शुद्धीवर येईपर्यंत मंडळीही आलेली असायची. "राहू द्या ताई, व्हतं तसंच राहू द्या," म्हणून उठायची.

शेवटी एक मोठा फ्लेक्स करताना जुन्यानं मान टाकली, नवऱ्यालाही कोणतं भारी मॉडेल येताना दिसेना, आणि ऐन लग्नसराईत नवा आला. काचेची पेटी, आत निळे दिवे. नवऱ्यानं त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. जुना टेबलाखाली गेला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. माझ्या नव्याचा एकच झाला.

कारण दुसऱ्याच दिवशी पाचोडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. तिच्या लग्नाची पत्रिका मीच तयार केली होती, फक्त छापायची बाकी होती. बसायच्या आधीच ते म्हणाले, "ताई, निमंत्रकातून माझ्या भावाचं नाव काढा."

"का हो भाऊ?"

"सुपारीला आला नाय. म्हणतो, निरोप फोनवर दिला, घरी येऊन सांगितलं नाय. भिंतीला भिंत लागून घर, आन् मी ह्याला आवतन द्यायला जाऊ? काढा!"

मुलगी मान खाली घालून उभी होती. मागच्या खेपेला तिनंच काकांचं नाव पहिलं टाकायला लावलं होतं. शहरात शिकायला घरचे सगळे नको म्हणत असताना काका एकटे तिच्या बाजूनं बोलले होते आणि रोज सकाळी तिला स्टँडवर सोडायला यायचे. पत्रिका छापून गावात वाटली गेली की ज्याचं नाव नाही, तो त्या मांडवात पाऊल ठेवत नाही. हे तिला ठाऊक होतं, मलाही.

मी नाव निवडून बटण दाबलं. सवयीनं चहा सांगायला तोंड उघडलं, तर नाव गेलेलंसुद्धा होतं. खालची नावं वर सरकून जागा भरून निघाली होती.

"झालं," मी म्हणाले.

"झालं?" ते दचकले. "एवढ्यात?"

त्यांचा चेहरा बघून मला त्या निळ्या दिव्यांचा संताप आला.

"थांबा. अजून गेलं नाही. हँग झाला वाटतं."

"नवा हाय ना?"

"नवा आहे म्हणूनच. अजून सवय नाही त्याला."

"व्हय व्हय," म्हणत ते लगेच बाकड्यावर टेकले. "नव्याला येळ लागतोच."

मी चहा सांगितला. कपाळाला आठ्या घालून एका धडधाकट कंप्युटरकडे बघत बसले. मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली, तिथून तिला पडदा स्पष्ट दिसत होता. मी काढलेलं नाव हळूच परत आणलं. चहा आला तसा तिनं पहिला कप वडिलांपुढे धरला.

चहा संपला. "तसाच हाय?" त्यांनी विचारलं.

"तसाच."

"लई हट्टी," ते स्वतःशीच म्हणाले. "लहानपणी जेवायला बी दोनदा बोलवावं लागायचं त्याला. एका हाकेत कधी आला नाय."

"मग दुसरी हाक कोण मारायचं?"

"मीच की," ते म्हणाले.

रिकामा कप खाली ठेवून ते मुलीला म्हणाले, "काकाला फोन लाव. सोसायटीचा चेअरमन हाय का माजी झाला, इचार. ताईंना पत्रिकेत लिवायला पायजे."

"हो, मला पाहिजेच आहे," मी म्हणाले.

तिनं विचारलं. फोनमधून आवाज आला, "कोणाला पायजे?" वडिलांकडे बघत ती म्हणाली, "पप्पांना."

"मग त्यांना दे."

त्यांनी फोन घेतला, खाकरले. "सांजच्याला येतो तुझ्या घरी. अक्षत घिऊन येतो." एवढंच बोलून त्यांनी फोन मुलीकडे दिला आणि रुमालानं डोळे पुसले. मला म्हणाले, "चालू झाला का ताई?"

"आत्ताच झाला."

जाताना त्यांनी टपरीवर सांगितलं, की ताईंचा नवा कंप्युटर बी हँग होतो. ते नवऱ्याच्या कानावर गेलं. वॉरंटीत आहे म्हणून त्यानं पेटी स्कूटरवर घालून विकणाऱ्याकडे नेली. विकणाऱ्यानं ती उघडून, तपासून, काहीच दोष नाही म्हणून परत पाठवली. नवऱ्याची दोन दिवस झोप उडाली. मी त्याला काही सांगितलं नाही.

छापलेल्या पत्रिकांचे गठ्ठे न्यायला त्या मुलीचे काकाच आले. त्यांनी स्वतःचं नाव बोट लावून वाचलं, माझ्या हातावर पेढे ठेवले आणि टेबलावरच्या पेटीकडे बघत विचारलं, "त्या दिवशी बंद पडला व्हता, तो ह्योच का?"

"हाच."

गठ्ठे उचलून ते दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "दुरुस्त नका करू, ताई."