मुंगीला न सापडणारा घास

चष्म्याच्या काचा घासण्याचा एक लहानसा कारखाना आमच्या रस्त्याच्या टोकाला आहे. आत दिवसभर पाण्याची धार आणि यंत्रांची घरघर, बाहेर पांढरट गाळ वाहून नेणारं गटार. तिथं तयार झालेल्या काचा आसपासच्या गावांतल्या चष्म्याच्या दुकानांत पोचवायचं काम ज्याच्याकडे होतं, त्याला सगळे काचवाला म्हणत. त्याच्या आईनं ठेवलेलं नाव आता त्याला स्वतःलाही क्वचितच ऐकू येई.

उंच, खांद्यात जरासा वाकलेला माणूस. चालायचा हळू, बोलायचा त्याहून हळू. काचेची खोकी उचलून ठेवताना सवय लागते, तसा तो प्रत्येक गोष्ट अलगद खाली ठेवायचा. चहाचा कप असो, नाहीतर शब्द असो. फक्त बायको गेली तेव्हा त्याला काही सावरता आलं नाही. तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. मागे दोन लेकरं राहिली. थोरलीला तो चिमणी म्हणायचा, तिला शाळेत घालायला अजून अवकाश होता. धाकटा ढब्बू तेव्हा नुकता भिंतीला धरून उभा राहायला लागला होता.

पाळणाघर त्याच्या पगाराला झेपणारं नव्हतं. शेजारी काही दिवस सांभाळतात, मग त्यांनाही स्वतःचा संसार असतो. म्हणून तो मुलांना गाडीतच घेऊन जायला लागला. गाडी मालकाची, जुनी, चौकोनी. डिकीत आणि पुढच्या सीटवर काचांची खोकी, मागच्या सीटवर दोन लेकरं. मालकानं पहिल्या दिवशी खिडकीतून आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "घेऊन फिर. पण माझ्या मालाला धक्का लागता कामा नये. काचेवर तेलकट बोट उमटलं तर ते मी तुझ्या नावावर मांडीन."

"नाही उमटणार मालक."

"लेकरं आहेत बाबा. ती काय तुला विचारून खातात?"

काचवाल्याची थोरली बहीण दूर एका गावात राहायची. तिचं घर मोठं, अंगण मोठं आणि तोंडही मोठं. तिला मूल नव्हतं. भावाची लेकरं गाडीत वाढताहेत हे तिच्या काळजाला टोचायचं. फोन आला की तिचं तेच.

"माझ्याकडे आणून सोड त्यांना. गाडी काय घर आहे?"

"ताई, मुलं म्हणजे काय भांडी आहेत, या घरातून त्या घरात द्यायला?"

"भांडी असती तर मी मागितलीही नसती. तुझी भांडी बघितलीत मी."

तो हसायचा, पण ऐकायचा नाही. बायको गेल्यावर त्याच्याकडे सांगण्यासारखं एवढंच उरलं होतं, की माझी मुलं माझ्याजवळ आहेत. ते गेलं तर मग त्यानं घरी यायचं तरी कशासाठी?

तेव्हा सगळी मदार गाडीतल्या जेवणावर आली. मुलं सकाळी निघत ती दुपार कलून गेल्यावर परत येत. मधे त्यांना दोनदा खायला लागे. हॉटेलात बसवणं परवडत नव्हतं, रस्त्याकडेला बसवलं तर धूळ आणि कुत्री. म्हणून खाणं गाडीतच, आणि तेही असं की खाल्ल्याची खूण मागे राहता कामा नये. या कामात त्यानं जे डोकं घातलं ते पाहिलं असतं तर चांगल्या सुगरणीनंही तोंडात बोट घातलं असतं.

पावाच्या कडा तो आधीच कापून काढायचा, कारण भुगा कडेचाच पडतो. कडा स्वतः चहात बुडवून खायचा. मधला मऊ भाग ओल्या फडक्यात थोडा वेळ गुंडाळून ठेवायचा, मग पोळपाटावर दाबून चपटा करायचा आणि त्यात उकडलेला बटाटा भरून बोटाएवढी सुरळी वळायचा. अंड्याचा पिवळा बलक कोरडा असतो, हात लावला की भुरभुरतो. म्हणून तो बटाट्यातच कालवलेला. पांढरं तेवढं फोडी करून वेगळं. वाटाणे बंद, कारण ते घरंगळून सीटच्या फटीत जातात. केळं सालीसकट कापलेलं, साल वाटीसारखी धरून खायचं. दूध फक्त गाडी उभी असताना, तेही अरुंद तोंडाच्या बाटलीतून. मुलांच्या मांडीवर जुन्या चादरीचा तुकडा, त्याची चारही टोकं वर बांधलेली, म्हणजे काही पडलंच तर झोळीत पडावं. खाऊन झालं की ओलं फडकं, मग कोरडं फडकं, मग हात पुढे करून दाखवायचे. आणि गाडी चालू असताना खायचं नाही, हा सगळ्यात वरचा नियम.

पहिल्या थांब्यावरच्या चष्म्याच्या दुकानातली बाई हे सगळं काउंटरमागून पाहायची. जाड भिंगांचा चष्मा, आणि त्यामागे सतत हसणारे डोळे.

"काय हो, जेवण चाललंय की ऑपरेशन?"

"जेवणच."

"माझ्या नवऱ्याला पाठवते तुमच्याकडे. त्याच्या शर्टावर रोजचा बेत वाचता येतो."

चिमणी तोंडावर हात धरून हसायची. हसताना घास उडू नये म्हणून.

असं बरेच महिने नीट चाललं. मग एका सकाळी त्याच बाईनं खोकं उघडलं आणि मऊ कागदावरून एक मुंगी बाहेर आली. एकच. काचेच्या कडेवर थबकली, मिशा हलवल्या आणि पलीकडे उतरली. बाई हसली. "काय, आता मुंग्यांनाही चष्मे?" पण तिथं एक गिऱ्हाईक उभं होतं, ते मालकाच्या ओळखीचं निघालं. संध्याकाळपर्यंत गोष्ट कारखान्यात पोचली.

मालक ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं मागचं दार उघडलं, सीटच्या शिवणीतून बोट फिरवलं आणि बोटाच्या टोकाला चिकटलेला एक वाळका कण काचवाल्यासमोर धरला. चिमणी बापाचा हात धरून तिथंच उभी होती.

"मी वाईट माणूस नाही," मालक म्हणाला. "पण हा माल डोळ्यांना लावायचा आहे. पुन्हा असं काही दिसलं तर मुलं गाडीत नकोत. त्यांची सोय कर, नाहीतर मला दुसरा माणूस बघू दे."

"हो मालक."

घरी जाताना चिमणीनं विचारलं, "बाबा, म्हणजे आम्हाला आत्याकडे पाठवणार?"

"सांडलं नाही तर कशाला पाठवीन?"

हे वाक्य त्यानं सहज म्हटलं. मुलीची समजूत काढायला म्हटलं. पण मुलीनं ते उचललं आणि मनात असं ठेवलं, जसं बाप खोकं ठेवायचा.

त्या दिवसापासून ढब्बूला भरवायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं. तो घास चघळायचा तेव्हा तिचे डोळे त्याच्या ओठांवरून हलत नसत. "तोंड मीट," ती दटावायची. "शिंक आली तर फडक्यात. खोकला आला तर फडक्यात." ढब्बू आता पळू लागला होता, दोन-दोन शब्द जोडून बोलू लागला होता, पण गाडीत बसला की दगडासारखा गप्प. इतर मुलं आईच्या मांडीवर भात फेकायच्या वयाची असतात, तेव्हा ही दोन लेकरं मंगळसूत्र तोलणाऱ्या सोनारासारखी एकेक फोड तोलून खात होती. दुकानवाली बाई आता थट्टा करीनाशी झाली. एकदा म्हणाली, "अहो, जरा सांडू द्या की त्यांना." काचवाला म्हणाला, "सांडतच नाहीत हो ती," आणि त्याच्या आवाजात अभिमान होता.

त्याच सुमाराला त्याला सफरचंदाचा शोध लागला. बाजार उठायच्या वेळी डागाळलेली सफरचंदं जवळजवळ फुकट मिळायची. डाग काढून टाकले की उरलेला भाग कडक, पांढरा. भुगा नाही, तेल नाही, हाताला चिकटत नाही. त्यानं बेताच्या फोडी करून डब्यात भरल्या तेव्हा त्याला वाटलं, आता हिशेब चुकता झाला. आता मुंगीच्या बापालाही काही सापडायचं नाही.

तो दिवस डोळ्यांच्या डॉक्टरांच्या तपासणीचा होता. पलीकडच्या गावी लोक सकाळपासून रांगेत बसलेले, आणि काचा कारखान्यातूनच उशिरा निघालेल्या. मालकानं दोनदा फोन केला. थांबायला वेळ नव्हता. ढब्बू भुकेनं किरकिरायला लागला. काचवाल्यानं आरशात पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघत म्हणाला, "चिमणे, आज चालत्या गाडीत दे. सफरचंदच आहे, सांडण्यासारखं काही नाही."

रस्ता सरळ होता. दोन्ही बाजूंना उघडी शेतं, मधे एखादं एकटं झाड. मागून डबा उघडल्याचा आवाज आला. मग चावल्याचा. मग ढब्बू एकदा खोकला, आणि लगेच चिमणीचा आवाज, "फडक्यात, फडक्यात."

मग काहीच नाही.

आरशात त्याला दिसलं ते एवढंच, की बहीण भावाच्या तोंडाला फडकं लावून बसली आहे. त्याला कौतुक वाटलं. एवढीशी पोर, पण किती काळजीनं पुसते! थोडं अंतर गेल्यावर त्यानं पुन्हा पाहिलं. फडकं तिथंच होतं. फडक्याच्या वर ढब्बूचे डोळे होते, आणि ते डोळे बहिणीकडे बघत नव्हते, कशाकडेच बघत नव्हते. खाली त्याचे पाय सीटवर आपटत होते, बूट नसल्यामुळे आवाज येत नव्हता.

गाडी कशी थांबली ते त्याला नंतर कधीच सांगता आलं नाही. पुढच्या सीटवरची खोकी खाली कोसळली, आतल्या काचा कडकडल्या. त्यानं मागचं दार उघडलं, चिमणीचा हात झटकला, पोराला पालथं हातावर घेतलं आणि पाठीवर थापा मारायला लागला. पोराचे ओठ जांभळाच्या सालीसारखे झाले होते. एक थाप, पुन्हा एक, अजून एक. या माणसानं जन्मात कुणावर जोरात हात टाकलेला नव्हता. आता आपल्याच लेकराच्या पाठीवर मारत होता आणि "अरे रड, रड ना रे" म्हणत होता.

फोड उडून धुळीत पडली. क्षणभर काही झालं नाही. मग ढब्बूनं श्वास ओढला आणि अशी किंकाळी फोडली की त्या एकट्या झाडावरचे पक्षी उठले. त्या किंकाळीएवढं गोड काचवाल्यानं कधी ऐकलं नव्हतं. तो रस्त्याच्या कडेला खाली बसला. पोर त्याच्या शर्टावर ओकलं, त्यानं तसंच त्याला छातीशी धरलं.

चिमणी गाडीतच होती. पांढरीफटक पडलेली. मांडीवरच्या झोळीची टोकं तिनं घट्ट धरली होती आणि ती सीटवरून हात फिरवून पाहत होती.

"बाबा," ती म्हणाली, "सीटवर काही नाही पडलं. मी पडू नाही दिलं."

काचवाल्यानं तिच्याकडे पाहिलं. तिला जवळ घ्यावं म्हणून हात पुढे केला, तर तिनं सवयीप्रमाणे आपले दोन्ही हात पुढे करून, उलटेसुलटे करून दाखवले.

फुटलेल्या काचा त्यानं वेगळ्या केल्या, उरलेल्या तपासणीच्या जागी पोचवल्या. मग गाडी परत न वळवता तशीच पुढे नेली, बहिणीच्या गावाकडे.

बहिणीनं दार उघडलं. भावाचा चेहरा आणि शर्ट पाहून तिच्या तोंडात आलेला टोमणा तिथंच विरला. तिनं ढब्बूला कडेवर घेतलं, चिमणीला आत नेलं, दोघांना जमिनीवर बसवून ताटात भात वाढला. ढब्बूनं चिमणीकडे पाहिलं, मग आत्याकडे, मग एक मूठ भरून भात जमिनीवर टाकला. कुणी दटावलं नाही. तेव्हा त्यानं दुसरी मूठ टाकली. चिमणी धावून गेली आणि शितं वेचायला लागली.

"राहू दे गं बाई," आत्या म्हणाली, आणि तिनं चिमणीला उचलून परत ताटाशी बसवलं.

काचवाला उंबऱ्याशी उभा होता. "ताई, थोडे दिवस," तो म्हणाला. "घडी बसली की नेतो."

"ने की. मी काय धरून ठेवणारेय?" ती म्हणाली. ती घडी बसणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

चिमणी त्याच्यामागे गाडीपर्यंत आली. तिनं वाकून मागची सीट पुन्हा एकदा पाहिली. "बाबा, काय सांडलं होतं?"

"काही नाही गं."

"मग?"

त्यानं तिला सांगायचा प्रयत्न केला. म्हणाला, तुझं काही चुकलं नाही, चुकलं माझं, तू शहाणी आहेस. मोठ्या माणसाला जे सांगता येतं ते लहान मुलाला सांगताना शब्द मोठे होतात आणि अर्थ बाहेरच राहतो. ती ऐकत राहिली, आणि तिच्या तोंडावरून कळत होतं, की ती अजून मनातल्या मनात सीट तपासते आहे.

अजूनही तो त्याच गाडीतून फिरतो. मालक आता बोट फिरवून बघत नाही, बघायचं काही कारण उरलं नाही. सुटीच्या दिवशी तो बहिणीकडे जातो. ढब्बू अंगणभर हुंदडतो, गालाला नेहमी काहीतरी लागलेलं असतं, बापाच्या शर्टाला तोंड पुसतो. बाप पुसू देतो. चिमणी शाळेत जायला लागली आहे. अंगानं भरली आहे, वेणी घालते. बापाला पाणी आणून देते, पण त्याच्याजवळ येऊन बसत नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहते.

परवा तो निघताना ती गाडीपाशी आली होती.

"आता गाडी स्वच्छ असते का?" तिनं विचारलं.

"असते."

"मुंगी नाही येत?"

"नाही."

"मग झालं," ती म्हणाली, एखाद्या मोठ्या बाईसारखी, आणि घरात निघून गेली.